कायमचा जाणार म्हणून सांगून बसलो

सास्तुरात राहून मी आजवर तीन निरोप घेतले आणि तिन्ही वेळा घरीच आलो. हॉटेलात कुणी विचारलं तर मी अकरा सांगतो. इथं कागदावर लिहितोय म्हणून तीन. पहिला निरोप गावानं मारुतीच्या पारावर दिला, दुसरा उमरग्याला डेपोतल्या जुन्या सोबत्यांनी, तिसरा मुरुमला बायकोच्या माहेरच्यांनी. तिन्हीकडं फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. टॉवेल-टोप्या तर अशा पडल्या की टोप्या एकात एक घालून उभ्या केल्या असत्या तर पाखरं येऊन टेकली असती. टॉवेल बायकोनं गच्चीवर पसरले आणि त्यांवर हरभऱ्याची डाळ वाळत घातली. रोज सकाळी वर गेलं की माझा सत्कार डाळीखाली पसरलेला दिसायचा, आणि मी तसाच खाली यायचो.

मी एसटीत कंडक्टर होतो. सुरुवातीला तिकिटं फाडायची असायची, मशिनं नंतर आली. त्या फाडण्यानं माझा उजवा अंगठा डाव्यापेक्षा चांगला बोटभर लांब झालाय. खोटं वाटत असेल त्यानं येऊन मोजावा. रिटायर झालो तेव्हा वाटलं, आता बसावं. पण ज्यानं आयुष्यभर चालत्या गाडीत उभं राहून काढलं त्याला बसवत नाही. घरात मी ओट्यावरून दारात आणि दारातून ओट्यावर असा दिवसाकाठी शंभर किलोमीटरवरच्या भूमपर्यंत चालत असेन.

आम्हाला एकच लेक. ती, जावई आणि त्यांचं वर्षाचं लेकरू ऑस्ट्रेलियात. एका सकाळी फोनवर ती म्हणाली, "बाबा, आता दोघंही इकडंच या राहायला." एवढंच म्हणाली. हे तिनं म्हटलं पावणेदहाला, आणि दहाला मी हॉटेलात होतो.

हॉटेलवाला लिंगायत, माझ्याच वयाचा, माझ्याबरोबर शाळेत बसलेला. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, चहा पाकासारखा गोड आणि तोंडात एक शब्द गोड नाही.

"चाललो आपण," मी बाकड्यावर बसत म्हणालो.

"लोहाऱ्याला?"

"ऑस्ट्रेलियाला. कायमचे."

फडकं मारता मारता त्याचा हात थांबला. "कायमचे? अन् ते सरकार घेतंय व्हय तुमाला?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण बाकड्यावर सात-आठ जण होते, आणि सात-आठ जण ऐकायला असले की माझी जीभ घाटात ब्रेक गेलेल्या गाडीसारखी सुटते. "घेतंय म्हंजे? त्यायनीच लेकीला इचारलं, तुझा बाप येवढी वर्सं उभ्यानं चालला, कुठं पडला न्हाय, असला माणूस आमच्या मुलखात न्हाय. पाठवून द्या म्हणले."

आठ दिवसांत पारावर खुर्च्या मांडल्या. एकानं भाषण केलं, त्यात माझे असे गुण सांगितले की मला माझ्या तिसऱ्या दिवसाच्या विधीला बसल्यासारखं झालं. उत्तरादाखल मी माझी ठेवणीतली गोष्ट सांगितली. ही गोष्ट गावाला पाठ आहे. भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहत होतो, लेक सव्वा वर्षाची होती. मी ड्यूटीवरून आलो, दारात उभा राहिलो, चामड्याची पिशवी हलवली, आतली चिल्लर वाजली, आणि आजवर रांगणारी पोर उठून सात पावलं चालत माझ्याकडं आली. जगात पहिली पावलं तिनं टाकली ती बापाकडं. सुरुवातीला ती सात होती. पारावर त्या दिवशी ती सतरा झाली. बायांनी डोळ्याला पदर लावले. माझी बायको मात्र पहिल्या रांगेत बसून माझ्याकडं असं बघत होती, जसं मी बिनतिकिटाच्या माणसाकडं बघायचो.

घरी आल्यावर तिनं एकच विचारलं. "कागुद आलाय का तिकडनं?"

"येतोय."

"कंचा कागुद येतोय ते तरी ठाव हाय का?"

ते मला ठाऊक नव्हतं. व्हिसा म्हणजे रिझर्वेशनसारखं काहीतरी असेल, खिडकीवर नाव सांगायचं आणि सीट घ्यायची, अशी माझी समजूत.

उमरगा आणि मुरुम उरकल्यावरच्या रविवारी लेकीनं व्हिडिओवर सगळं उलगडून सांगितलं. आमच्याकडं सकाळ होती, तिच्याकडं दुपार. मला जसं कळलं तसं लिहितो. नियम बदलत असतात, माझ्या भरवशावर कुणी अर्ज भरू नये.

आईबापाला कायमचं राहायला एक साधा व्हिसा असतो. खर्च बेताचा, पण रांग लांब.

"लांब म्हंजे किती?" मी विचारलं. रांगेचं मला भय नाही, मी यात्रेच्या गाड्या केल्यात.

"तीसेक वर्षं धरा बाबा."

मी साठीचा. मनातल्या मनात बेरीज केली आणि घसा खाकरला. बायको मोबाईलकडं तोंड करून म्हणाली, "मंग बाळच येईल की आमाला न्याय. संगं त्याची नातवंडं घिऊन."

दुसरा व्हिसाही कायमचाच, पण पैसेवाला. त्यात आमची सगळी जमीन जाणार, आणि रांग तरीही पंधरा-एक वर्षांची.

तिसरा पाच वर्षांचा. आधी लेकीला पालकांची जबाबदारी घ्यायची मंजुरी मिळवावी लागते, मग आमचा अर्ज. काही महिन्यांचं काम. तिथं नोकरी करायची नाही, आजारपणाचा विमा आपला आपण काढायचा, आणि पाच वर्षं झाली की उठून परत यायचं. मधे काही महिने बाहेर काढून आणखी एकदा जाता येतं, मग संपलं. कायमचं नाही, कधीच नाही.

बायकोनं तिन्ही ऐकून घेतले. तिचं माहेर कर्नाटकाच्या हद्दीवरचं. फार बोलायची तिला सवय नाही आणि जे बोलते त्यात एखादा कानडी शब्द असतो. "लेकरू बोलाय लागायच्या आत ह्यातला कंचा हुतोय?" तिनं विचारलं.

"पाच वर्षांचाच होईल आई. झाला तर."

"मंग त्योच."

लेकरू नुकतं ओठ हलवायला लागलं होतं. दिवसभर पाळणाघरात असायचं. बायकोनं ते मनाला लावून घेतलं होतं. मला म्हणायची, "त्यानं पयल्यांदा आज्जी म्हणलं अन् तिथल्या बाईला वाटलं ढेकर दिला, तर? कोण ऐकायचं ते? पयला शबुद एकदाच येत असतोय."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "पाच वर्षांचा नको. बघू."

कारण काय ते इथं सांगून टाकतो, हॉटेलात अजून सांगितलेलं नाही. मला लाज वाटत होती. कायमचा जातो म्हणून तीन गावांचे टॉवेल गच्चीवर आहेत, आणि पाच वर्षांनी बॅग घेऊन त्याच स्टँडवर उतरायचं? शाळेची सहल जाऊन आल्यासारखं? माझ्या बायकोला नातवाचा पहिला शब्द ऐकायचा होता आणि मला माझा शेवटचा शब्द मागं घ्यायचा नव्हता, एवढंच काय ते.

तिथून मला जी टोचणी लागली ती लागली. गावातून जाणं अवघड झालं. ज्याचा निरोप झालाय तो माणूस रोज दिसायला लागला की लोकांनाही चोरट्यासारखं होतं.

"आँ! कंडक्टर, अजून हितंच?"

"कवा आलाव तिकडनं?"

"म्या तर घरी सांगितलं, गेले म्हणून. बायकोनं हळहळ बी केली."

मग मी चौकातली वाट सोडली. मागच्या गल्लीनं, शाळेच्या भिंतीमागून, बाभळीतून जायला लागलो. दूध आणायला दोन मिनिटांची वाट, मला पाऊण तास लागायचा आणि दुधाचं अर्धं दही व्हायचं. एकदा हॉटेलवाल्यानंच गाठलं. तो सायकलवर मागच्या गल्लीतून येत होता. त्याला तिथं काय काम होतं देव जाणे.

"थांबा की ओ. काय अडलंय?"

"विमान भरंना झालंय," मी म्हणालो. "तिकडं जाणारी माणसं कमी. भरल्याबिगर सोडत न्हायत."

"वडापची जीपच म्हणा की."

"तसंच."

"मंग आमी आठ-धा जण येऊन बसू का, सुटूस्तोर?"

त्याच्या तोंडावरची सुरकुतीही हलली नाही. मी दुधाची किटली घेऊन जवळजवळ पळालो.

घरातही चैन नव्हतं. बॅग भरायचो, रिकामी करायचो. कायमचं जायचं तर काय न्यायचं? पाच वर्षांसाठी काय न्यायचं? कायमच्या बॅगेत मी लग्नातला फोटो, आईचा तांब्या, जमिनीची कागदपत्रं घालायचो. पाच वर्षांच्या बॅगेत चटणी आणि शेंगदाणे. दुपारपर्यंत तांब्या आत, दुपारनंतर बाहेर. तांब्यालाच शेवटी पोचे आले. बायको ज्वारी निवडता निवडता बघायची आणि म्हणायची, "साकु." साकु म्हणजे कानडीत पुरे. दिवसातून चाळीसेक वेळा तरी ती साकु म्हणत असेल. खरं तर चारदा.

मग माझ्या डोक्यात पैसेवाला व्हिसा शिरला. रांग पंधरा वर्षांची का असेना, 'कायमचा' हा शब्द तर राहील. अर्ज टाकलाय, नंबर लावलाय, असं चौकात ताठ मानेनं सांगता येईल. जमीन बघायला मी एका जणाला बोलावूनही घेतलं. तो आला, बांधावर उभा राहिला, माती हातात घेऊन चुरडली. "सोन्यासारखी हाय, कशापायी इकायलाव?" म्हणाला. मी म्हणालो, कायमचं जायलाव. तो म्हणाला, "कवा?" मी म्हणालो, पंधरा वर्षांनी. त्यानं माती खाली टाकली, हात झटकले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, आजारी माणसाला विचारावं तसं विचारलं, "घरी समदं बरं हाय नव्हं?"

त्या बांधावरून परत येताना मला पहिल्यांदा वाटलं की माझं काहीतरी चुकतंय. पण वाटणं आणि मान्य करणं यात माझ्या बाबतीत नेहमीच बऱ्याच थांब्यांचं अंतर असतं.

याच सुमारास लेकीनं आमचे सगळे जुने पत्ते लिहून मागवले. कुठला अर्ज काय विचारील याचा नेम नाही, म्हणून लग्नापासून आम्ही कुठं कुठं राहिलो ते तिला तयार हवं होतं. पुन्हा व्हिडिओ लावला. ती लिहीत होती, मांडीवर लेकरू पेनाला ओढत होतं. मी सांगत होतो.

"पहिलं, जुनं गाव."

जुनं गाव आता नाही. भूकंपात तिथं कोण वाचलं आणि कोण ढिगाऱ्यात गेलं ते मी इथं लिहीत नाही. तेवढी एकच गोष्ट मी कधी वाढवून सांगितलेली नाही.

"त्यानंतर पत्र्याचं शेड," मी म्हणालो.

"शेडचा पत्ता काय लिहू?"

पत्ता कुठला? माळावर पत्र्याच्या ओळी, दारावर गेरूनं टाकलेला आकडा, तोही पावसात धुऊन गेलेला. पोस्टमन नावानं हाक मारायचा.

"ते लिहू नको," मी म्हणालो. "ते तात्पुरतं हुतं. घर न्हाई ते."

बायको चुलीपाशी होती. ती पदराला हात पुसत आली आणि माझ्या शेजारी न बसता माझ्या पुढं, मोबाईल आणि माझ्या मधे बसली.

"ल्ही," ती लेकीला म्हणाली. "मोठ्या अक्षरात ल्ही. अडीच वर्सं काढली त्यात. तात्पुरतं म्हणून ह्येंनी तवाबी हेच केलं."

"काय केलं?" लेकीनं विचारलं.

"साकु," मी म्हणालो. मला तेवढं एकच कानडी येतं.

"आता न्हाय साकु. शेडं वाटली तवा तुझा बाप म्हणाला, मी पत्र्यात ऱ्हाणार न्हाय. समद्या माळाला सांगून आला, सरकार मला पक्कं घर देतंय, स्लॅबचं, ते मिळाल्यावरच उंबरा वलांडीन. मंग झाली पंचाईत. सांगून बसला नव्हं! भायेर बाज टाकून पडायचा. ऊन लागलं की बाज सरकवायचा, पर आत यायचा न्हाय. ड्यूटीवरनं यायचा ते बाजेवर. म्या भाकरी भायेर आणून द्यायची. धा-बारा दिस."

लेक हसायला लागली. मीही हसलो, मला वाटलं, एवढ्यावर भागलं.

"अन् त्याच दिसांत तू चाललीस," बायको म्हणाली. "आत. पत्र्याखालच्या लाकडी मेढीला धरून हुबारलीस, मेढ सोडलीस, अन् चुलीपसतोर आलीस माज्याकडं. चार पावलं. म्या हाका मारल्या, अवो या, पोरगी चालली. ह्ये भायेर चार माणसात बसून स्लॅबचं सांगत हुते. आले तवर तू बसली हुतीस."

मोबाईलमधे लेकीचं हसू थांबलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट दिसलं नाही, मधे बायकोचं डोकं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "म्हणजे ती पिशवीची गोष्ट? चिल्लर वाजवलेली?"

मी आयुष्यात किती खोटं बोललो असेन त्याचा हिशोब नाही, पण तेव्हा जेवढं खरं होतं तेवढंच सांगितलं. म्हणालो, "पिशवी हुती. चिल्लर बी हुती."

"आणि मी?"

"तू दुसऱ्या दिवशी चालून दावलंस की. मला तेच पहिलं."

बायको उठली. उठताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "तात्पुरतं म्हणून भायेर बसलाव अन् पावलं गेली. आता बोलणं घालवा. मी काय म्हणत न्हाय." आणि चुलीकडं गेली. तिनं चार पावलं म्हटलं होतं, आणि या घरातही चुलीपर्यंत तेवढीच पावलं भरतात.

लेक अजून पेन धरून बसली होती. लेकरानं पेनाचं टोपण तोंडात घातलं होतं.

"शेडचा पत्ता लिही," मी म्हणालो. "सास्तूर, माळावरचं शेड, आकडा धुऊन गेलेला. आणि अर्ज पाच वर्षांचा भर."

"नक्की बाबा? परत हॉटेलात जाऊन बदलणार नाही ना?"

"आत्ता भर. मी हॉटेलात जायच्या आत."

तरीही मला हॉटेलात जावंच लागलं. दुसऱ्या दिवशी मी चौकातनं गेलो, भर दहाला. बाकड्यावर माणसं होती. मी उभ्यानंच सांगून टाकलं, एका दमात: कायमचं नाही, पाच वर्षांचं आहे, तेही अजून मंजूर व्हायचंय, सरकारनं मला बोलावलेलं नाही, आणि विमान कुणासाठी थांबत नसतं.

हॉटेलवाल्यानं गाळणी कपावर आपटली.

"म्हंजे पाच वर्सानी येणार?"

"येणार."

"मंग आमचे टॉवेल?"

"ते परत देतो की. धुऊन."

"डाळ वाळवलेले?" तो म्हणाला. म्हणजे त्याच्या माडीवरून आमची गच्ची दिसत होती तर. "ऱ्हाऊ द्या. येताना तिकडचे घिऊन या. पर एक सांगा, विमान थांबत न्हाय ते आमाला ठाव हुतं. सरकारनं बोलवलं न्हाय ते बी ठाव हुतं. मंग येवढे दिस मागल्या गल्लीनं कशापायी हिंडलाव?"

"तुमाला ठाव हुतं?"

"तुमच्या तोंडून काय बी आलं की आमी रुपायाचे चार आणे धरतो. सत्कार करायची आमालाच हौस हुती." आणि त्यानं चहा पुढं सरकवला. पैसे घेतले, ते सोडले नाहीत.

आता हे लिहितोय तेव्हा लेकीला मंजुरी मिळालेली आहे आणि आमचा अर्ज पुढं गेलाय. म्हणजे मी पुन्हा ओट्यावरून दारात आणि दारातून ओट्यावर. दिवसातून दहा वेळा मोबाईल उघडतो, काही आलंय का बघतो. बॅगेत चटणी आहे, शेंगदाणे आहेत. तांब्या बाहेर ठेवलाय, पोचे ठोकून घेतलेत.

सकाळी व्हिडिओ लागला की लेकरू पडद्याला नाक लावतं आणि ओठ जुळवतं. परवा त्याच्या तोंडून 'आ' निघाला आणि त्यानं पुढचं अक्षर जमवायला गाल फुगवले. बायकोनं दोन्ही तळवे मोबाईलपुढं आडवे धरले, गाडी थांबवावी तसे. "थांब रं राजा. आताच न्हाय. येऊ दे आमाला," ती म्हणाली, आणि आवाज बारीक कर म्हणून मला खुणावलं.

मी आवाज बारीक केला नाही. घसा मोकळा करून मोठ्यानं गाड्यांचे थांबे पुकारायला लागलो: उमरगा, मुरुम, लोहारा, सास्तूर. लेकरू दचकून माझ्याकडं बघत राहिलं आणि पुढचं अक्षर विसरलं. त्यानंतर त्यानं काही म्हटलं असेल तर ते माझ्या आवाजात गेलं. म्हटलंच असेल तरी आपण ऐकलेलं नाही, असं आम्हा दोघांचं ठरलंय.